निजाम सर्किटातलं शहर

‘पाकीजा’ ४ फेब्रुवारी १९७२ रोजी लागला. मुहूर्त १९५६ सालचा. मधली वर्षं कमाल अमरोही आणि मीनाकुमारी यांच्यातला दुरावा, पैशांची ओढाताण आणि मीनाकुमारींचं आजारपण यांत गेली. पहिल्या काही आठवड्यांत गर्दी बेताचीच होती. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या आणि तिकीटखिडकीसमोरचं चित्र पालटलं. चाळिशीही न गाठलेली नटी गेल्याचा दुखवटा लोकांनी रांगेत उभं राहून पाळला.

सिनेमावेड्या माणसापुढे दुसरा मार्गही नसतो. ज्याच्यावर त्याने जीव लावला त्याच्या घरी तो जाऊ शकत नाही, खांदा देऊ शकत नाही. गेलेल्याचा पिक्चर पुन्हा बघणं एवढंच त्याच्या हातात असतं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं औरंगाबाद, हे अशा माणसांचं शहर आहे, आणि इथल्या या वेडाला स्वतःचा एक भूगोल आहे.

हिंदी सिनेमाच्या धंद्याने देशाची वाटणी स्वतःच्या सोयीने केली. बॉम्बे, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, सीपी-बेरार अशी ही वितरणाची सर्किटं, आणि त्यातलंच एक निजाम. तेलंगण, कर्नाटकातले बिदर-गुलबर्गा-रायचूर आणि मराठवाडा एवढा टापू त्यात येतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचं राज्य संपलं, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तरी सिनेमाच्या वहीत औरंगाबाद निजामातच राहिलं. मुंबईचा पिक्चर इथे लागायचा, पण व्यापाराच्या हिशेबात पुण्या-नाशकाचा आणि औरंगाबादचा खातेउतारा वेगळा. प्रेक्षकाला या नोंदीचं काही सोयरसुतक नव्हतं. मात्र त्याच्या आवडीनिवडीवर हैदराबादी वळण होतंच. वली आणि सिराज या शायरांच्या गावात उर्दू कानांवर पडतच माणूस मोठा होतो. त्यामुळे ‘पाकीजा’तली भाषा इथे कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

स्टेट, मोहन, सादिया, अंजली, अंबा-अप्सरा ही नावं आजही साठीच्या पुढच्या माणसासमोर घेतली की तो कुठल्या टॉकीजमध्ये काय पाहिलं ते सांगू लागतो. खेळ बाराचा, तीनचा, सहाचा आणि नऊचा. नवा पिक्चर संध्याकाळी, आणि मॅटिनीला बऱ्याचदा जुना. कलावंत गेला की मालक याच मॅटिनीसाठी त्याच्या जुन्या पिक्चरची पेटी मागवायचा.

‘पेटी’ हा शब्द आता नाहीसा होत चालला आहे. पत्र्याच्या पेटीत रिळांचे गोल डबे असत. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं, म्हणजे तीन तासांच्या पिक्चरला अशी सोळा-सतरा रिळं लागायची. जुन्या पिक्चरची पेटी दहा गावं हिंडून आलेली असे. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन टोकं खरवडून, सिमेंट लावून जोडायचा आणि दर जोडाला चार-दोन फ्रेम गळून पडायच्या. पडद्यावर उभ्या रेषांचा पाऊस, गाण्याच्या कडव्यात मध्येच उडी. प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्या झिजून अंतर पडलं की उजेड पिवळा पडे आणि थर्ड क्लासमधून ऑपरेटरच्या नावाने हाकाटी सुरू होई. ही फाटकी, अर्धवट प्रत बघायला माणसं पैसे मोजत होती. ज्याचा चेहरा बघायला ती आली होती तो तेवढ्या रेषांतूनही दिसत होता.

मध्यंतरात बाहेर चहाच्या गाड्यावर जो निकाल लागे तो वर्तमानपत्रातल्या परीक्षणापेक्षा भारी ठरायचा. ‘पडला’, ‘चालला’, ‘पैसे वसूल’ एवढ्या तीन शब्दांत शुक्रवारी रात्रीपर्यंत पिक्चरचं भवितव्य ठरे. हा प्रेक्षक नव्या पिक्चरला निर्दय होता आणि गेलेल्या नटाच्या बाबतीत अतिशय हळवा. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या, आणि त्यात वावगं काहीच नाही. ज्याला वाईट पिक्चरचा राग येतो त्यालाच चांगल्या नटाच्या जाण्याचा चटका बसतो.

३१ जुलै १९८० रोजी, रमजानच्या महिन्यात, मोहम्मद रफी गेले. पुढे ३१ जुलै ही तारीख गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी जणू कॅलेंडरवर कोरूनच घेतली. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता पाटील गेल्या, वय फक्त एकतीस. बाळंतपणाला दोन आठवडे झाले होते. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर लागला आणि पडद्यावर लाल मिरच्यांच्या कारखान्यात उभी असलेली ती बाई या जगात नाही, हे ठाऊक असूनच लोकांनी तो पाहिला.

स्मिता पाटील यांचं १९८२ साल औरंगाबादसाठी वेगळ्या अर्थाने महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला आणि सागर सरहदींचा ‘बाजार’ही. ‘बाजार’ घडतो हैदराबादेत. आखाती पैशाच्या जोरावर म्हाताऱ्या नवरदेवाला विकली जाणारी कोवळी मुलगी ही त्याची गोष्ट. खय्याम यांनी गाण्यांसाठी मीर तकी मीर घेतला, मिर्झा शौक घेतला, हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन घेतले. या बड्या नावांच्या पंक्तीत भूपिंदर सिंग यांच्या खर्जातल्या आवाजात एक गाणं आलं, ते औरंगाबादच्या बशर नवाज यांचं.

बशर नवाज १९३५ साली औरंगाबादेत जन्मले आणि इथेच राहिले. मुशायऱ्यांत त्यांचं नाव होतं, समीक्षक त्यांना मानत होते, पण देशभर ते पोचले या एका गाण्यामुळे. गाणं कोणी लिहिलं हे ठाऊक नसलेली लाखो माणसं ते गुणगुणत राहिली. गीतकाराचं हे नशीबच आहे. गायकाचा आवाज ओळखला जातो, नटीचा चेहरा ओळखला जातो, शब्द मात्र बिनमालकीचे होतात. आपल्या गावच्या कवीची ही उपेक्षा औरंगाबादकरांनी तरी होऊ द्यायला नको होती. शहरात त्यांच्या नावाची पाटी शोधण्याआधी ते गाणं वाजतं तिथे ‘हे आपल्या बशरसाहेबांचं’ एवढं मोठ्याने सांगितलं गेलं असतं तरी पुरे होतं.

‘बाजार’ची श्रेयनामावली आज वाचताना मन जड होतं. स्मिता पाटील सगळ्यांत आधी गेल्या. फारूक शेख २८ डिसेंबर २०१३ रोजी गेले. ९ जुलै २०१५ रोजी खुद्द बशर नवाज गेले, औरंगाबादेतच. खय्याम १९ ऑगस्ट २०१९ रोजी, सागर सरहदी मार्च २०२१ मध्ये, त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला खय्याम यांच्या पत्नी आणि या सिनेमातल्या गायिका जगजीत कौर. १८ जुलै २०२२ रोजी भूपिंदर सिंग. जे गाणं आठवणींबद्दल आहे, त्याचे कवी, संगीतकार, गायक आणि दिग्दर्शक असे चौघेही सात वर्षांत आठवणींत जमा झाले.

तोवर मॅटिनीची पेटी इतिहासजमा झाली होती. दूरदर्शन आलं, व्हिडिओ आला, चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा लोकांनी त्यांचे पिक्चर घरातच पाहिले. पण टॉकीजची दारं खरोखर बंद झाली ती करोनात. २९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी कपूर गेले, तेव्हा देशात एकही पडदा उजळलेला नव्हता. ७ जुलै २०२१ रोजी दिलीपकुमार गेले. महाराष्ट्रातली थिएटरं तेव्हाही बंद होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला. ज्या माणसासाठी निजाम सर्किटातल्या तीन पिढ्यांनी रांगा लावल्या, त्याच्या मृत्यूनंतर मॅटिनीचा एक खेळही लागू शकला नाही. ही हानी आजवर कुणी नीट मोजलेली नाही.

शहराने नंतर जे मिळवलं तेही सांगायला हवं. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे मुळं धरून आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या दहाव्या पर्वात पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना दिला गेला. ‘चश्मे बद्दूर’ आणि ‘कथा’मधून फारूक शेख यांना घराघरांत नेणाऱ्या त्याच सई परांजपे. मॉलमधल्या पडद्यांवर इराणी, बंगाली, मल्याळी सिनेमे बघायला कॉलेजची पोरं पाठीला सॅक लावून उभी राहतात आणि बाहेर येऊन तावातावाने भांडतात. चहाच्या गाड्यावरचा तो जुना निकाल आता कॉफीच्या कपावर लागतो, पण लागतो.

आणि मग २०२५ सालचा शेवट. ४ ऑक्टोबरला ‘पिंजरा’च्या संध्या गेल्या. २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, असरानी गेले. २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले, नव्वदीला दोन आठवडे उरले असताना. १२ डिसेंबरला ‘शोले’ पुन्हा देशभर लागला. मूळ निगेटिव्ह खराब झालेली, म्हणून इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तो दुरुस्त करून घेतला होता. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवटही परत जोडला होता, त्यात ठाकूर गब्बरला मारतो. हे काम धर्मेंद्र हयात असतानाच झालं होतं, पण पिक्चर पडद्यावर आला दुखवट्याच्या दिवसांत, अगदी जुन्या काळच्या मॅटिनीसारखा. फरक एवढाच की पडद्यावर पाऊस पडत नव्हता. एकही फ्रेम गळाली नव्हती, आणि पाण्याच्या टाकीवर चढलेला वीरू पन्नास वर्षांपूर्वीइतकाच लखलखीत दिसत होता.