लाखेचा पिंगट रंग आणि आपले प्राचीनत्व

प्राचीन म्हणजे पिंगट, असे एक समीकरण आपल्या डोळ्यांत पक्के बसलेले आहे. ग्रंथाचे मुखपृष्ठ असो, लग्नपत्रिका असो, पर्यटनाची माहितीपुस्तिका असो की उपाहारगृहाची भिंत. 'भारतीय परंपरा' सुचवायची म्हटली की मध, कासे आणि जुने सागवान यांच्या मधला एक उबदार रंग वापरला जातो. त्यावर अर्धोन्मीलित नेत्रांची एखादी अजिंठा-आकृती काढली की काम झाले. हा रंग अजिंठ्याकडून आला, असे आपण गृहीत धरतो. ते खरेही आहे. मात्र ज्या अजिंठ्याकडून तो आला, तो पाचव्या शतकातला कितपत आणि विसाव्या शतकातला कितपत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

वाकाटककालीन चित्रकारांची रंगपेटी कशी होती, हे रासायनिक परीक्षणांतून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. तांबडी आणि पिवळी गेरूमाती, हिरवी माती, चुन्यासारखी पांढरी द्रव्ये, काजळीचा काळा आणि दूरच्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा निळा. माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धती. या यादीत मातकट रंगांचे प्राबल्य आहे, हे नाकारता येत नाही. पण तिथे पांढरा आहे, निळा आहे, हिरवा आहे. पिवळा आणि तांबडा हे रंग या शेजाराच्या आधाराने उजळतात. शेजार झाकोळला की तेच रंग एकमेकांत मिसळून पिंगट दिसू लागतात.

हा शेजार झाकोळला कसा? १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी बाह्य जगाच्या नजरेस आणली, तेव्हाच काळाने आपले काम पुष्कळ केलेले होते. ओल, धूर, वटवाघळे आणि कीटक यांनी भिंती ग्रासल्या होत्या. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. पुसट झालेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून या काळात भिंतींवर व्हार्निशही फिरवले गेले. ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाल्या. नक्कल आगीत गेली, आणि नकलेसाठी लावलेला लेप मुळावर राहिला.

त्यानंतरचा प्रसंग अधिक महत्त्वाचा. लेणी निजामाच्या राज्यात होती. तेथील पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या कारकिर्दीत, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा बसवला. हे काम झाले नसते तर आज दिसणारे कित्येक भाग मातीत मिळाले असते. त्यांनीच रंगांच्या रक्षणासाठी चित्रांवर लाखेचा लेप दिला. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. तो शुद्ध करून मद्यार्कात विरघळवला की आपल्या सुतारांना परिचित असलेले पॉलिश होते. ताजेपणी ते पारदर्शक आणि तृणमण्यासारखे सोनेरी दिसते. मात्र वर्षे लोटतात तशी लाख गडद होते, कडक होते, धूळ आणि काजळी धरून ठेवते. काही दशकांत निळ्यावर पिवळा पडदा आला की निळा हिरवट दिसतो आणि पांढरा मधाळ. ज्या तेजाला आपण 'अजिंठ्याचे सुवर्णतेज' म्हणत आलो, त्याचा काही अंश या लाखेचा आहे.

यझदानी यांचे अजिंठ्यावरील सचित्र खंड १९३० पासून निघू लागले. युनेस्कोचा चित्रसंग्रह १९५४ चा. दोन्ही या लेपानंतरचे. ज्यांनी लेणी कधीच पाहिली नाहीत, त्यांची दृष्टी अशा पुस्तकांनी घडवली. मग मुखपृष्ठांनी पुस्तकांचे अनुकरण केले, पत्रिकांनी मुखपृष्ठांचे.

ही भूल केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज बोमाँ हे रसिक संग्राहक चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असे मानत. त्यांचे मित्र, चित्रकार कॉन्स्टेबल यांनी काहीही वाद न घालता एक जुने व्हायोलिन अंगणातल्या हिरवळीवर ठेवले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकाराने नोंदवली आहे. पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९४७ मध्ये स्वच्छ केलेली चित्रे मांडली, तेव्हा मोठा वाद उसळला. पिंगटपणा गेला म्हणजे चित्राचा आत्माच गेला, असे अनेकांना वाटले.

अजिंठ्यातही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी जुने लेप आणि काजळी काढण्याचे काम अतिशय सावकाशीने केले आहे, आणि स्वच्छ झालेल्या भागांत झाकलेले रंग पुन्हा दिसू लागले आहेत. पण येथे एक खरा पेच आहे. काही ठिकाणी रंगाची सुटी खपली त्या लाखेनेच धरून ठेवलेली असते. लेप काढावा तर चित्र जाते. ठेवावा तर चित्र दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच नवा वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. लेखकांच्या हातून शिरलेल्या चुका त्यांनी दूर केल्या नसत्या, तर ग्रंथ कोणत्या अवस्थेत आपल्यापर्यंत पोचला असता, कोण जाणे! पण त्याच शुद्धीमुळे त्यापूर्वीची भाषा आपल्या दृष्टीआड झाली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, ती याच ओढीने; त्या प्रतीच्या प्रामाण्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. रक्षण करणारा हात आणि झाकणारा हात अनेकदा एकच असतो, आणि म्हणून त्याच्याविषयी कृतज्ञता व संशय ही दोन्ही एकाच वेळी बाळगावी लागतात.

आमचा आक्षेप एकनाथांवर नाही, चेक्कोनींवरही नाही. तो आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांवर आहे. जुने साहित्य वर्गात नेताना आम्हीही त्यावर आदराचा एक पिंगट हात फिरवतो. महानुभावांच्या गद्यातला खट्याळपणा, ज्ञानेश्वरीतले घरगुती दृष्टान्त, तुकारामांचा संताप हे सारे त्या लेपाखाली एकाच गंभीर, सोनेरी छटेचे होऊन जाते. विद्यार्थी त्याला नमस्कार करतात आणि पुस्तक मिटतात.

पिंगट रंग सुंदर आहे, आणि संयोजनात तो जरूर वापरावा. पण त्याला 'प्राचीन' म्हणण्यापूर्वी त्याखाली कधीकाळी निळा होता का, हे एकदा विचारलेले बरे.