बंद शटर हा कशाचा पुरावा?

१७ नोव्हेंबर २०१२ च्या दुपारी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला लाखो लोक, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार आणि मुंबई कडकडीत बंद. कात्रणं काढून बसलं की ‘शहर शोकात बुडालं’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. गर्दीपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण बंद दुकानांचं काय? दुःखाने, मान राखून किंवा भीतीने ओढलेलं शटर फोटोत सारखंच दिसतं.

पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नेमकं हेच म्हटलं, की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. या अटकेनंतर सुप्रीम कोर्टात गेलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ ला निकाल लागला आणि आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं.

आता बघा, अटक झाली नसती तर ती पोस्ट कुठल्या दफ्तरात उरली असती? गप्प बसलेल्यांची तर नोंदच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मार्गारेट थॅचर वारल्या, तेव्हा विरोधकांनी एक जुनं गाणं विकत घेऊन ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. तिथला राग निदान आकड्यात तरी सापडतो.

मुंबईत मुलाखती घ्यायला गेलात तर ‘दुकान बंद होतं का?’ एवढ्यावर थांबू नका. शटर किती वाजता ओढलं आणि कुणी सांगितलं म्हणून, तेही विचारा.