वाहनचालनातील बाजूची तिरीप

मोटार चालवत असताना चालकाशेजारील खिडकीच्या काचेतून थेट डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाला बाजूची तिरीप म्हणतात. तिच्यामुळे डोळे दिपतात आणि रस्ता, पादचारी व बाहेरील आरसा स्पष्ट दिसत नाही. समोरून येणारे ऊन अडवण्यासाठी छतालगत सन व्हायझर असतो; बाजूच्या खिडकीला मात्र बहुतेक मोटारींत स्वतंत्र आडोसा नसतो. याच खिडकीतून चालकाला बाजूची वाहने व आरसा पाहायचा असल्यामुळे ती पूर्णपणे झाकता येत नाही. ऊन अडवावे पण दृष्टी अडू नये, ही या विषयातील मुख्य अडचण आहे.

कारणे

तीव्र प्रकाश डोळ्यांत शिरला की त्याचा काही भाग डोळ्याच्या भिंगात विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धूसर पडदा आल्यासारखे होते. त्यामुळे सावलीतील माणूस किंवा दुचाकी चटकन दिसत नाही. वाढत्या वयात, विशेषतः मोतीबिंदू असल्यास, हे विखुरणे वाढते. काचेवरील धूळ, ओरखडे आणि आतील बाजूस साचणारा तेलकट थर यांमुळेही प्रकाश विखुरतो.

सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे सकाळी व सायंकाळी, तिरीप सर्वाधिक जाणवते. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर सूर्य बराच उभा चढतो व उतरतो. विषुवदिनाच्या सुमारास त्याची उंची तासाला साधारण १४ अंशांनी बदलते. त्यामुळे हा त्रासाचा काळ सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी साधारण तास-दीड तासाचा असतो.

दिशा आणि ऋतू

भारतात चालक उजव्या बाजूस बसतो. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना सायंकाळचे ऊन त्याच्या खिडकीतून येते, तर उत्तरेकडे जाताना सकाळचे. मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६) स्थूलमानाने उत्तर-दक्षिण असल्यामुळे तेथे हा अनुभव नेहमीचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेकडे मावळतो. त्यामुळे हिवाळ्यातील सायंकाळी गोव्याकडे जाणाऱ्या चालकाला सूर्य उजवीकडे, पण काहीसा पुढे दिसतो. जूनमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेस मावळत असल्याने खांद्यामागे राहतो आणि त्रास कमी होतो. सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्यांची स्थिती याच्या उलट असते. त्यांना उन्हाळ्यातील सूर्योदय अधिक त्रासदायक ठरतो.

उपाय

सन व्हायझर : बहुतेक मोटारींत व्हायझरचे एक टोक खाचेतून सोडवून तो बाजूच्या खिडकीकडे वळवता येतो. काही मोटारींत तो दांडीवर मागे सरकवता येतो. वळवलेला व्हायझर खिडकीचा वरचा व पुढचा भागच झाकतो. सूर्य फार खाली किंवा खांद्याच्या रेषेत असल्यास त्याचा उपयोग होत नाही. आसनाची उंची बदलल्यास काही वेळा डोळे सावलीत येतात.

टोपी व चष्मा : रुंद काठाची टोपी हा साधा उपाय आहे, मात्र काठामुळे बाजूचे दृश्य झाकले जाऊ नये. गडद काचांच्या चष्म्याने एकूण प्रकाश कमी होतो. ध्रुवीकृत काचांचा चष्मा ओला रस्ता, बॉनेट इत्यादींवरून परावर्तित होणारी चकाकी विशेष कमी करतो. बोगद्यात शिरताना व अंधार पडल्यावर असा चष्मा काढावा लागतो.

जाळी व पडदे : चिकटणाऱ्या किंवा चोषकाने बसणाऱ्या जाळ्या मागील आसनावरील प्रवाशांना उपयोगी पडतात. चालकाच्या खिडकीवर त्या बसवल्यास आरसा व शेजारून येणारी दुचाकी झाकली जाण्याचा धोका असतो.

स्वच्छ काच : काच दोन्ही बाजूंनी पुसणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

काळी फिल्म आणि कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत यावा लागतो. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला. काच मुळातच या प्रमाणाची असावी. तिच्यावर कोणत्याही पारदर्शकतेची काळी फिल्म लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ही बंदी ४ मे २०१२ पासून लागू झाली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे हे तिचे एक प्रमुख कारण होते. झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांना सवलत देण्याची मुभा ठेवण्यात आली.

पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ साहित्यासही मान्यता मिळाली. तिचा आधार घेऊन, पारदर्शकतेची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मबद्दल दंड करता येणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला.

काच व फिल्म यांच्या पारदर्शकतेचा गुणाकार होतो, ही बाब अनेकदा लक्षात घेतली जात नाही. ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांचीच फिल्म लावल्यास आत ४९ टक्के प्रकाश येतो, म्हणजेच मर्यादा ओलांडली जाते. शिवाय फिल्म दिवसा ऊन कमी करते, तशीच रात्रीही उजेड कमी करते. टोपी, चष्मा किंवा व्हायझर अंधार पडताच दूर करता येतो. फिल्म तशी काढता येत नाही.

त्वचेवरील परिणाम

समोरील काच दोन थरांची असून मधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे ती बहुतांश अतिनील किरण अडवते. बाजूची काच सामान्यतः एकपदरी व कडक केलेली असते. तिच्यातून अतिनील-अ किरणांचा काही भाग आत येतो. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका अमेरिकी चालकाचे छायाचित्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे चालक डावीकडे बसत असल्याने त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूची त्वचा जाड व सुरकुतलेली झाली होती. भारतात उजवी बाजू खिडकीलगत असते. दीर्घकाळ वाहन चालवणाऱ्यांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे व सनस्क्रीन हे दृष्टीला अडथळा न आणणारे उपाय आहेत.