अंगणांतील सुवासिक फुलझाडें : इतिहास आणि निवड

आमच्या नाशिक शहरास मोगली अंमलांत गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. तेथून उत्तरेस, सप्तशृंगीच्या पायथ्याकडे वसलेल्या वणीच्या परिसरांत आज द्राक्षमळ्यांचा बोलबाला अधिक, तरी नवें घर बांधणारा गृहस्थ अजूनहि विचारतो, "गुरुजी, अंगणांत वर्षानुवर्षें टिकेल असें सुवासिक काय लावावें? मात्र तें आपलें देशी असावें." ही अट ऐकली म्हणजे थोडा इतिहास सांगणें प्राप्त होतें.

मोगरा, जाई, जुई, बकुळ, सोनचाफा व पारिजातक हीं या देशांत फार पुरातन. पारिजातकाची साक्ष तर छापील आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यास औषधी वनस्पतींवर एक संवादरूप ग्रंथ छापविला. त्यांत या झाडास तो 'दुःखी वृक्ष' म्हणतो आणि लोकांकडून ऐकलेली कथा देतो. एका सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली. त्यानें तिचा त्याग केला. तिनें प्राण दिला आणि तिच्या रक्षेंतून हें झाड उगवलें. म्हणून त्याचीं फुलें सूर्याचें तोंड पाहत नाहींत. त्या सरदाराचें नांव ऑर्तानें 'पारिझाताको' असें लिहिलें आहे. शब्द आपल्याच पारिजातकाचा, हें उघड आहे.

आतां दुसरी बाजू पाहा. निशिगंध हें नांव शुद्ध संस्कृत. परंतु झाड मूळचें मेक्सिकोचें, घायपाताच्या कुळांतलें. देवळाच्या आवारांतला पांढरा चाफा, ज्यास आपण देवचाफा म्हणतों, तोहि मध्य अमेरिकेकडचा. रातराणीचें माहेरहि तिकडेच. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेस पोहोंचला, वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला उतरला. त्यानंतरच तिकडील झाडांस इकडे येण्याची वाट झाली. अर्थात् १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हां महाराष्ट्रांत निशिगंध नव्हता. आपल्या पूर्वजांनीं या पाहुण्यांस नांवें दिलीं आणि त्यांचीं फुलें देवालाहि वाहिलीं.

परंतु प्रत्येक पाहुणा गुणी निघत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिबागेंत शोभेसाठीं एक अमेरिकन झुडूप आणलें गेलें. पांखरांनीं त्याचें बी पसरविलें, त्यानें रानें व्यापलीं, आणि पाला खाल्ल्यास गुरें आजारी पडूं लागलीं. आपण त्यास घाणेरी म्हणतों. लोकांचें मत नांवांतच आलें. तात्पर्य, परकें म्हणून टाकूं नये, सुंदर म्हणून घेऊंहि नये. झाड आपल्या भुईंत कसें वागतें तें पाहावें.

पूर्वींचीं घरें न्हाणीच्या सांडपाण्यावर फुलझाडें जगवीत. आजहि पाणी, ऋतु व जागा पाहूनच निवड करावी. मोगरा उन्हाळ्याचा; पौषाच्या सुमारास त्याचें पाणी तोडून छाटणी करावी, मग खत-पाणी द्यावें, म्हणजे चैत्र-वैशाखांत तो बहरतो. जाई-जुईस मांडव द्यावा. त्यांचा बहर पावसाळ्यांत. निशिगंधाच्या कांद्यांपाशीं पाणी तुंबूं देऊं नये. रातराणीचा वास उग्र, म्हणून ती निजण्याच्या खिडकीपासून दूर बरी. सोनचाफा मोठा वृक्ष होतो आणि बियांपासून लावल्यास फुलांसाठीं कित्येक वर्षें थांबावें लागतें. म्हणून जागा असेल तरच, आणि तोहि कलमी, लावावा.

अंगणें आतां आखूड झालीं. जेथें सहा झाडें असत तेथें एकाचीच सोय होते, आणि तें एक चुकलें तर पुढची पिढी त्या सुगंधास मुकते. एकाच झाडास जागा असेल तर माझा कौल पारिजातकास. तो फार वाढत नाहीं, रुजल्यावर पाणी थोडें मागतो, आणि श्रावणापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत त्याचा सडा पडतो. फांदी वांकवावी लागत नाहीं. नातवंड आणि आजी, दोघांनाहि सकाळीं परडी घेऊन फुलें वेंचतां येतात.