स्तंभ आणि रेषा

गणेशगुडी येथे काळी नदीवर सुपा धरण उभे आहे. १०१ मीटर उंचीच्या या धरणाच्या जलाशयाची कमाल पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. पावसाळ्यात पातळी चढते, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते तशी उतरते. हा चढउतार कागदावर मांडावयाचा तर रेषालेखच हवा. कारण दोन मोजण्यांच्या मधल्या काळातही पाणी कोणत्या ना कोणत्या पातळीवर असतेच. याच खोऱ्यातील मासिक पाऊस मात्र स्तंभांनी दाखवावा. जूनची बेरीज निराळी, जुलैची निराळी. त्या दोहोंमध्ये तिसरी बेरीज नसते.

आमचे सरकारी आयुष्य तक्ते भरण्यातच गेले. उमेदवारीच्या दिवसांत आम्ही तालुकावार आकड्यांचे बिंदू रेषेने जोडून एक देखणा आलेख सादर केला होता. वरिष्ठांनी तो पाहून शांतपणे विचारले, "या तालुक्यातून त्या तालुक्यात ही रेषा कोणत्या वाटेने गेली?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

व्यापाराचे आकडे अशा आलेखांनी मांडण्याची प्रथा विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाच्या १७८६ च्या 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास' या ग्रंथाने रूढ केली. त्या वेळी पुण्यास सवाई माधवराव पेशवेपदी होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. ग्रंथातील ४४ आलेखांपैकी ४३ आलेख काळानुसार चालणारे होते. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे मात्र त्यास एकाच वर्षाचे मिळाले. मग त्याने १७ देशांशी झालेली आयात-निर्यात स्तंभांनी मांडली आणि त्यात काळाचे परिमाण नसल्याने तो आलेख उणा मानला. आम्हांस ती उणीव वाटत नाही. जे आकडे हाती नव्हते, ते त्याने रेषेने भरून काढले नाहीत.

हा संयम किती आवश्यक आहे, हे जनगणनेवरून कळते. १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी झाली. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५.२ कोटी आणि १९२१ मध्ये सुमारे २५.१ कोटी होती. हे दोन बिंदू जोडले तर रेषा जवळजवळ सपाट दिसते; जणू त्या दशकात काही घडलेच नाही. वस्तुतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने लक्षावधी माणसे नेली. स्तंभही ती साथ दाखवीत नाहीत. पण मधली वर्षे शांततेत गेली, असे खोटे आश्वासनही देत नाहीत.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील सुपा गाव जलाशयात बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले, विस्थापितांची वसाहत रामनगर येथे झाली. बुडालेल्या गावाची लोकसंख्या रेषेने दाखविली, तर माणसे वर्षागणिक थोडी थोडी ओसरत गेली, असा भास होईल. स्तंभ काढला, तर शेवटच्या मोजणीनंतर जागा रिकामी राहील. ती तशीच राहू द्यावी. तेथील माणसे नाहीशी झाली नाहीत. ती दुसऱ्या गावाच्या स्तंभात मोजली गेली. तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांनी त्या रिकाम्या जागेखाली गावाचे नाव तेवढे अवश्य लिहावे, अशी आमची विनंती आहे.