पारव्या रंगाची फिर्याद



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "इतिहासाच्या व्याख्यानात घराचा रंग कसला आणता?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. लढाया, तह, राज्यारोहणे यांचा इतिहास आपण येथे पुष्कळ ऐकतो. भिंतीच्या रंगालाही इतिहास असतो, हे तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. तो कळला एका अन्यायातून, आणि तो अन्याय माझ्याच हातून घडला. म्हणून आधी कबुलीजबाब देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

बैठकीच्या खोलीला रंग द्यायचा होता. दुकानातून रंगपत्रिका आणली. तिच्यात निळा आणि करडा यांच्या मधल्या छटाच मोजून एकोणीस निघाल्या. त्यांतल्या सतरा आम्ही पहिल्याच दिवशी बाद केल्या. उरलेल्या दोहोंनी मात्र आठ दिवस घरात शांतता राहू दिली नाही. एक छटा आमच्या सौ.ना पसंत, दुसरी मला. फरक असा की, पत्रिका दोन हात लांब धरली तर त्या दोन आहेत हेही कळू नये. अखेर भर दुपारी सज्जात उभे राहून मी त्यांतली अधिक करडी छटा निवडली. रंगारी म्हणाला, "साहेब, हातभर लावून ठेवतो. दोन दिवस बघा, रात्री दिवा लावून बघा, मग डबा फोडू." मला वाटले, हा रोज वाढविण्याचा डाव आहे. मी म्हटले, लाव सरळ.

खोली पुरी झाली आणि पाहतो तो काय, भिंती निळ्या! करडेपणाचा मागमूस नाही. रंगाऱ्याने पदरची नीळ घातली, असा मी त्याच्यावर आळ घेतला आणि दोन दिवसांची मजुरी अडवून ठेवली. तो फारसा बोलला नाही. बादल्या आणि कुंचले घेऊन निघून गेला.

या रंगाला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: पारवा. देवळाच्या शिखरावर बसणाऱ्या पारव्याच्या पाठीचा रंग तो. आपली रंगांची बहुतेक नावे अशीच वस्तूला धरून चालतात. मोरपंखी, अंजिरी, अबोली, शेंदरी, गव्हाळ, राखी, आकाशी. ही पद्धत अडाणी आहे असे समजण्याचे कारण नाही. १८१४ साली एडिंबरोच्या पॅट्रिक साइम या चित्रकाराने जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याच्या नामावलीवरून रंगांचे एक पुस्तक सिद्ध केले. त्याच्या १८२१ च्या आवृत्तीत ११० रंग आहेत आणि रंगांसमोर तो रंग कोणत्या प्राण्यात, कोणत्या वनस्पतीत आणि कोणत्या खनिजात सापडतो ते दिले आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून निघाला तेव्हा हे पुस्तक त्याच्याबरोबर होते. तेव्हा 'पारवा' म्हणणारी आपली आजी आणि डार्विन एकाच शाळेतले. अडचण एवढीच की, एका पारव्याची पाठ दुसऱ्यासारखी नसते. आणि ढगाखाली बसलेला पारवा उन्हात उडाला की तोही बदलतो.

परंतु दोन पारव्या छटांमधून एक निवडण्याची चैन ही फार अलीकडची गोष्ट आहे. निळा रंग भिंतीवर लावायला मिळणे हेच एके काळी दुर्मिळ होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे पाहा. तांबडी आणि पिवळी गेरूमाती, हिरवी माती, पांढरा, काजळीचा काळा, हे सारे साधे, मातीचे आणि चुलीचे रंग. पण पाचव्या शतकातील चित्रांत जो गर्द निळा दिसतो तो लाजवर्द दगडाचा. आणि लाजवर्दाची खाण अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरात. तेथून अजिंठ्यापर्यंत तो दगड व्यापाऱ्यांच्या हातून आला. बुद्धाच्या चरित्रासाठी असा खर्च करणारे धनी होते. राहत्या घराच्या भिंतीसाठी कोण करणार?

मग गरिबाने काय करावे? तोही मार्ग चित्रकारांना पूर्वीच सापडला होता. कोळशाची बारीक पूड पांढऱ्या चुन्यात मिसळली की होणारा रंग नुसता करडा न दिसता निळसर दिसतो. काळ्याचे सूक्ष्म कण पांढऱ्यात विखुरले की असा थंड निळसरपणा येतो. मध्ययुगीन युरोपातील भिंतचित्रकार महागड्या निळ्याच्या खाली हाच थर देत, म्हणजे वरचा निळा थोडक्यात भागे. आपण ज्याला अभिरुचीचा रंग म्हणून आज डब्यातून विकत घेतो, तो मुळात काटकसरीचा रंग आहे. मला स्वतःला हे कळल्यावर पारवा अधिकच आवडू लागला.

पुढे बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास डीसबाख नावाचा रंग तयार करणारा तांबडा रंग करावयास बसला असता अशुद्ध क्षारामुळे त्याच्या भांड्यात निळा उतरला. हा 'प्रशियन निळा' स्वस्त होता, गडद होता, आणि पांढऱ्यात मिसळून त्याच्या वाटेल तितक्या पायऱ्या पाडता येत. जिनीव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने तशा पायऱ्या खरोखरच पाडल्या. आल्प्स पर्वतात जसजसे वर जावे तसतसे आकाश अधिक गडद होते; किती गडद, हे त्याला मोजावयाचे होते. त्याने कागदाचे तुकडे फिक्यापासून गडदापर्यंत क्रमाने रंगविले, वर्तुळात मांडले, आणि ते आकाशासमोर धरून अंश वाचले. माँ ब्लाँच्या शिखरावर त्याला ३९ वा अंश मिळाला. हुंबोल्टने १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझोवर ४६ वा नोंदविला. आमच्या सज्जात मी जी पत्रिका धरून उभा होतो, तिचे हे थोरले भावंड. मात्र सोस्यूर आकाशाचा रंग आकाशाखालीच ताडून पाहत होता. मी खोलीचा रंग सज्जात पाहत होतो.

प्रशियन निळ्यात एक खोट होती. तो चुन्यात टिकत नाही. चुन्याच्या क्षाराने तो फुटतो आणि लोखंडाच्या गंजाचा तपकिरी डाग मागे उरतो. चुन्याच्या भिंतीला चालेल असा स्वस्त निळा हवा होता. १८२४ साली पॅरिसच्या उद्योगोत्तेजक मंडळीने कृत्रिम लाजवर्द करून दाखविणाऱ्यास ६००० फ्रँकांचे बक्षीस लावले. १८२८ साली ते गिमे या फ्रेंच गृहस्थाला मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यानेही आपली कृती प्रसिद्ध केली. पांढरी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून तो निळा निघतो. बदख्शानच्या दगडाची ऐट कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडू लागली. (या निळ्याच्या पैशातूनच गिमेच्या मुलाने पौर्वात्य कलेचे मोठे संग्रहालय उभारले, ते आज पॅरिसमध्ये आहे.)

कपडे धुताना वापरतो ती पुडीतील नीळ म्हणजे हाच पदार्थ. नाव मात्र तिने शेतातल्या निळीचे उचलले. ज्या निळीच्या सक्तीपायी १८५९ साली बंगालचे शेतकरी उठले आणि १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले, ती झाडाची नीळ वेगळी. ही मातीगंधकाची वेगळी. आपल्याकडे सफेदी करताना बादलीत चिमूटभर नीळ टाकण्याची रीत घरोघर होती, कारण तेवढ्या निळ्याने चुन्याचा पिवळटपणा मरून तो अधिक पांढरा भासतो. हात जरा सैल सुटला की भिंत आकाशी होई. त्या काळी प्रश्न 'यांतला कोणता' हा नसे. नीळ किती टाकली एवढाच असे, आणि ते टाकणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून होते.

आता मी ज्याच्यासाठी हे व्याख्यान योजले त्या माणसाकडे येतो. त्याचे नाव मिशेल यूजीन शेव्रल. जन्म १७८६, मृत्यू १८८९. म्हणजे १०२ वर्षांचे आयुष्य. व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ, चरबी आणि साबण यांवरील त्याचे संशोधन प्रसिद्ध आहे. १८२४ साली त्याला पॅरिसच्या गोब्लँ येथील सरकारी विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख नेमले. तेथे राजवाड्यांसाठी चित्रमय पडदे विणले जात. शेव्रल रुजू होताच तक्रार पुढे आली: निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्या दाखविण्यासाठी जे काळे सूत वापरतात ते फिके पडते, त्यात जोम नाही, रंगारी काळा नीट देत नाहीत.

दुसरा कोणी असता तर त्याने रंगाऱ्यांची झडती घेतली असती. शेव्रलने फ्रान्समधील आणि परदेशांतील नामांकित कारखान्यांतून काळ्या लोकरीचे नमुने मागविले आणि ते गोब्लँच्या काळ्याशी ताडून पाहिले. गोब्लँचा काळा कोठेही कमी नव्हता. सुटा धरला तर उत्तम. निळ्याशेजारी विणला की विटका. दोष कढईत नव्हता, शेजारात होता. डोळा प्रत्येक रंगाच्या शेजारी त्याच्या विरुद्ध रंगाची झाक आपण होऊन पसरवितो. निळ्याची विरुद्ध बाजू नारिंगी. म्हणून निळ्यालगतच्या काळ्यावर तांबूस पिवळी झाक चढते आणि तो जुना दिसू लागतो.

यावर त्याने १८३९ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. कापडाच्या व्यापाऱ्यांनी तांबडे, जांभळे आणि निळे साधे कापड छापखान्यास दिले आणि वर काळी नक्षी छापावयास सांगितली. माल आला तेव्हा त्यांनी भांडण काढले. तांबड्यावरची नक्षी हिरवट, निळ्यावरची तांबूस. काळा रंग घातलाच नाही! शेव्रलने पांढऱ्या कागदात नक्षीपुरती भोके कापली आणि तो कागद कापडावर ठेवून आजूबाजूचा रंग झाकून टाकला. नक्षी काळीच होती. छापणारे निर्दोष सुटले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून डब्याच्या तळाशी उरलेला रंग पुठ्ठ्यावर लावला, वाळू दिला, आणि पत्रिकेतल्या तुकड्याला चिकटवून पाहिला. तोच. केसाचाही फरक नाही. मग भिंतीवर पांढरा कागद भोक पाडून धरला. आतून पारवा रंग दिसला. करडा किंवा त्याच्या जवळचा रंग शेजाऱ्याचे सगळ्यांत लवकर ऐकतो, कारण त्याला स्वतःचा आवाज थोडा. आमच्या खोलीत सागवानी दारे, कपाटे, जुने नारिंगी पॉलिश. त्या नारिंगीने भिंतीला निळेपणाकडे ढकलले होते. खिडकी उत्तरेची, म्हणजे थेट ऊन नाही, केवळ आकाशाचा निळसर उजेड. नीळ कोणीच घातली नव्हती.

उजेडाचा भागही लहान नाही. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा भाग मुळात कमी, म्हणून त्याखाली पारवा मातकट होतो. संध्याकाळ दाटली की उलट निळे उजळते आणि तांबडे आधी काळवंडते, हे बोहेमियाच्या पुर्किन्येने १८२५ च्या सुमारास नोंदवून ठेवले आहे. आणि डोळा तरी स्थिर कोठे आहे? १९४२ साली अमेरिकेतील कोडॅकच्या प्रयोगशाळेत मॅकॅडम याने एकाच निरीक्षकाकडून २५ रंगांच्या जवळजवळ २५,००० जुळण्या करवून घेतल्या. तोच माणूस, तोच रंग, तेच यंत्र. तरी जुळणी दर वेळी थोडी हलतच राहिली. आमच्या घरी तर निरीक्षक दोन होते.

रंगारी दिवाळीच्या आधी गल्लीत दुसऱ्या घरी कामाला आला तेव्हा मी त्याला वर बोलाविले, दोन दिवसांची मजुरी हातात ठेवली आणि माझी चूक सांगितली. शेव्रलचेही सांगितले. त्याने सारे ऐकून घेतले, पैसे मोजले आणि म्हणाला, "म्हणून तर म्हटलं होतं, हातभर लावून बघा." मग माजघराच्या भिंतीवर त्याने दोन्ही छटांचे हातभर पट्टे ओढले, एक खिडकीजवळ आणि एक कपाटाजवळ; पुन्हा विचार करून त्यांची जागा बदलून आणखी दोन ओढले.

ते चारही पट्टे अजून तेथे आहेत. सौ. सकाळी एकाकडे बोट दाखवितात आणि रात्री दुसऱ्याकडे. रंगारी दोनदा विचारून गेला.