देहक्रमवीक्षक, विमानतळांवरील

देहक्रमवीक्षक, विमानतळांवरील : प्रवाशाच्या अंगावरील कपडे न उतरवता, त्याखाली दडविलेल्या धातूच्या व अधातूच्या वस्तू प्रतिमेच्या साहाय्याने शोधून काढणारे यंत्र. व्यवहारात त्यास बॉडी स्कॅनर असे म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व यूरोप येथील विमानतळांवर या यंत्रांचा प्रसार झाला, तेव्हा विशेषतः २०१० ते २०१३ या काळात त्यांवरून मोठा वाद झाला. वादाचे मुद्दे दोन होते : कपड्यांखालील देहाची प्रतिमा पाहण्याचा शासनास अधिकार आहे काय, आणि क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रांपासून प्रवाशांच्या आरोग्यास धोका आहे काय. क्ष-किरण यंत्रे अखेर दोन्हीकडे मागे पडली. परंतु यूरोपात ती आरोग्याच्या कारणाने आणि अमेरिकेत खाजगीपणाच्या कारणाने. एकाच यंत्राचा असा दोन वाटांनी झालेला शेवट हे या वादाचे लक्षणीय वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : विमान-अपहरणांच्या लाटेनंतर अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली. या तपासणीचे मुख्य साधन म्हणजे धातुशोधक चौकट. पिस्तूल व सुरा यांचा शोध तिला लागतो. मात्र प्लॅस्टिक, चिनी माती किंवा स्फोटक भुकटी यांचा लागत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘वाहतूक सुरक्षा प्रशासन’ ही संघीय यंत्रणा स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने बुटात लपविलेल्या स्फोटकाचा स्फोट घडविण्याचा प्रयत्न केला. धातुशोधकाची मर्यादा त्यामुळे उघड झाली.

रचना व कार्य : देहक्रमवीक्षकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार पश्चप्रकीर्णित क्ष-किरणांचा. यात कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची बारीक शलाका प्रवाशाच्या अंगावरून ओळीओळीने फिरविली जाते. वैद्यकीय चित्रणात किरण शरीरातून आरपार जातात. येथे मात्र अंगावरून मागे विखुरलेले किरण शोधकांत पकडून प्रतिमा तयार करतात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ किरण अधिक विखुरतात, म्हणून त्वचा प्रतिमेत उजळ दिसते आणि धातू काळा दिसतो. स्टीव्हन स्मिथ या अमेरिकी संशोधकाने १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेले ‘सिक्युअर १०००’ हे या प्रकारचे यंत्र प्रारंभी तुरुंगांत व सीमाशुल्क तपासणीत वापरले गेले.

दुसरा प्रकार मिलिमीटर तरंगांचा. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत तो विकसित झाला. यात सु. २४ ते ३० गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे रेडिओ तरंग प्रवाशाभोवती फिरणाऱ्या आकाशकांतून सोडले जातात. हे तरंग कपड्यांतून जातात, त्वचेवरून परावर्तित होतात आणि त्यांच्या नोंदीवरून गणकयंत्र प्रतिमा रचते. या तरंगांच्या ऊर्जेने अणूंचे आयनीभवन होत नाही. आरोग्यविषयक आक्षेप मुख्यतः पहिल्या प्रकाराविरुद्धच घेतले गेले, त्याचे कारण हेच.

प्रसार : २००७ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स व नेदर्लंड्समधील स्खिपोल या विमानतळांवर देहक्रमवीक्षकांची चाचणी सुरू झाली. यूरोपीय आयोगाने २००८ मध्ये ही यंत्रे तपासणीच्या मान्य साधनांत घालण्याचे योजिले. तथापि यूरोपीय संसदेने २३ ऑक्टोबर २००८ रोजी ३६१ विरुद्ध १६ मतांनी ठराव करून मूलभूत हक्कांवरील व आरोग्यावरील परिणामांची आधी छाननी करण्याची मागणी केली. विषय तेव्हा मागे पडला.

२५ डिसेंबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅमहून डिट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात शिवलेल्या स्फोटकाचा स्फोट करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण वादाची दिशा त्याने बदलली. स्खिपोल विमानतळावर देहक्रमवीक्षक होते. मात्र या प्रवाशाची तपासणी त्यांतून झाली नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये ब्रिटनने हीथ्रो व मँचेस्टर येथे ही यंत्रे लावली आणि निवडलेल्या प्रवाशास नकार देण्याची मुभा ठेवली नाही. नकार देणाऱ्यास विमानात प्रवेश नव्हता. अमेरिकेत त्याच वर्षी यंत्रे मोठ्या संख्येने बसू लागली. तेथे नकार देणाऱ्याची हाताने अंगझडती घेत. अंगझडतीची ही पद्धत २०१० च्या अखेरीस अधिक कडक करण्यात आली, तेव्हा हा पर्याय खरा पर्याय आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. डिट्रॉइटच्या प्रसंगातील स्फोटक या यंत्रांना सापडलेच असते, असे निश्चितपणे सांगता येत नाही, असा अभिप्राय अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाने मार्च २०१० मध्ये दिला होता.

खाजगीपणाचा प्रश्न : प्रारंभीच्या यंत्रांतील प्रतिमेत देहाची ठेवण स्पष्ट दिसत असे. चेहरा अस्पष्ट केला आहे, प्रतिमा पाहणारा अधिकारी वेगळ्या खोलीत बसतो आणि प्रतिमा साठविली जात नाही, असे आश्वासन प्रशासनाने दिले होते. परंतु माहितीच्या हक्काखाली मिळविलेल्या कागदपत्रांवरून जानेवारी २०१० मध्ये असे उघड झाले, की चाचणीच्या अवस्थेत प्रतिमा साठविण्याची व पाठविण्याची सोय यंत्रांत असावी, अशी अट खरेदीच्या तपशिलांतच होती. फ्लॉरिडातील एका संघीय न्यायालयाच्या प्रवेशद्वारावरील वेगळ्या जातीच्या यंत्रात सु. ३५,००० प्रतिमा साठल्याचेही त्याच वर्षी आढळले. विमानतळांवरील यंत्रांशी त्याचा संबंध नव्हता. तरीही आश्वासनांवरील विश्वास त्यामुळे ढळला.

आक्षेप केवळ नग्नतेपुरते नव्हते. कृत्रिम अवयव, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बसविलेला भाग, पोटावरील मलपिशवी यांसारख्या गोष्टी रुग्ण जवळच्या माणसांपासूनही लपवितात. यंत्र त्या अपरिचितापुढे मांडत होते. उत्तर अमेरिकेतील एका इस्लामी धर्मशास्त्र मंडळाने ही तपासणी शालीनतेच्या धर्माज्ञेस बाधक ठरविली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही फेब्रुवारी २०१० मध्ये विमानतळ कर्मचाऱ्यांपुढे बोलताना सुरक्षेच्या व्यवहारात व्यक्तीची प्रतिष्ठा राखली जावी, असे सांगितले. ब्रिटनमध्ये मुलांच्या प्रतिमा बालसंरक्षणाच्या कायद्यात बसतात काय, याची चर्चा झाली.

‘इलेक्ट्रॉनिक प्रायव्हसी इन्फर्मेशन सेंटर’ या संस्थेने अमेरिकी शासनाविरुद्ध दाद मागितली. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने १५ जुलै २०११ रोजी निकाल दिला. यंत्रतपासणी राज्यघटनेतील अवाजवी झडतीविरुद्धच्या संरक्षणाचा भंग करीत नाही, असे त्याने ठरविले. त्याचबरोबर, एवढा मोठा बदल करण्यापूर्वी नियमाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागविणे कायद्याने आवश्यक होते, हेही सांगितले. यंत्रे काढून टाकण्याचा आदेश मात्र दिला नाही. अंतिम नियम मार्च २०१६ मध्ये, म्हणजे निकालानंतर साडेचार वर्षांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाला. तोवर यंत्रे तपासणीचे नेहमीचे साधन बनली होती आणि जनतेचे मत विचारण्याचा उपचार मागाहून पार पडला.

आरोग्याचा प्रश्न : एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील जॉन सेडॅट व त्यांचे सहकारी यांनी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांस पत्र लिहिले. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची बहुतेक ऊर्जा त्वचेत व तिच्या लगतच्या ऊतकांत शोषली जाते; ती संपूर्ण शरीरावर वाटून मात्रा काढल्यास त्वचेस मिळणारी मात्रा कमी भासते, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. वृद्ध, मुले व गर्भवती स्त्रिया यांच्याविषयी, तसेच शलाका बिघाडाने एकाच जागी थांबल्यास काय होईल, याविषयीही त्यांनी चिंता व्यक्त केली. त्वचेची मात्रा धरूनही यंत्रे मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत, असे शासनाचे उत्तर होते.

अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीविज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वतंत्र मापनात एका तपासणीची परिणामी मात्रा सु. ०·०११ मायक्रोसीव्हर्ट आढळली. विमानप्रवासात विश्वकिरणांमुळे सु. १२ सेकंदांत मिळणाऱ्या मात्रेएवढी ही मात्रा आहे. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही २०१५ मध्ये यंत्रे मानकांच्या मर्यादेत असल्याचा निष्कर्ष काढला. व्यक्तीपुरता धोका नगण्य आहे, हे आक्षेपकांपैकी बहुतेकांस मान्य होते. कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड ब्रेनर यांचा आक्षेप वेगळ्या स्वरूपाचा होता : अत्यल्प धोका कोट्यवधी तपासण्यांनी गुणला असता तो समाजाच्या पातळीवर शून्य राहत नाही, आणि आयनीभवन न करणारे पर्यायी यंत्र उपलब्ध असताना तो पत्करण्याचे कारण उरत नाही. वैद्यकीय चित्रणात ज्यास प्रारण मिळते त्यासच लाभ होतो. येथे धोका प्रत्येकाचा आणि लाभ अनिश्चित, असा हा भेद आहे.

निर्णय : यूरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये नियम करून केवळ आयनीभवन न करणाऱ्या यंत्रांस मान्यता दिली. प्रतिमा साठविण्यास मनाई झाली आणि प्रवाशास नकाराचा हक्क मिळाला. मँचेस्टर येथील क्ष-किरण यंत्रे २०१२ मध्ये बंद झाली, तर नकाराची मुभा ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये आली.

अमेरिकेत २०११ पासून मिलिमीटर तरंग यंत्रांत नवी गणनप्रणाली बसविण्यात आली. ती व्यक्तीची प्रतिमा न दाखविता सर्वांसाठी सारख्याच असलेल्या बाह्याकृतीवर संशयास्पद जागा दर्शविते. २०१२ च्या कायद्याने अशी प्रणाली सर्व यंत्रांस सक्तीची केली. क्ष-किरण यंत्रांच्या उत्पादकास ती मुदतीत तयार करता आली नाही. म्हणून उरलेली १७४ यंत्रे मे २०१३ पर्यंत विमानतळांवरून हलविण्यात आली. पुढील वर्षी विद्यापीठीय संशोधकांनी एका वापरलेल्या ‘सिक्युअर १०००’ च्या परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत अंगाच्या कडेला धरलेले शस्त्र काळ्या पार्श्वभूमीत मिसळून दिसेनासे होते, असे आढळले. 

उत्तरकाल व मूल्यमापन : बाह्याकृतीच्या प्रणालीने नग्नतेचा प्रश्न बहुतांशी मिटविला, सर्व प्रश्न मिटले नाहीत. पगडी, दाट केशरचना व कृत्रिम अवयव यांवर यंत्र इशारा देते आणि हाताची झडती पुन्हा त्याच व्यक्तींच्या वाट्यास येते. स्त्री किंवा पुरुष अशी कळ दाबून तपासणी करण्याच्या पद्धतीमुळे पारलिंगी प्रवाशांची कुचंबणा होत असे. ती बदलण्याची घोषणा अमेरिकेत २०२२ मध्ये झाली. डिसेंबर २०१५ पासून तेथे काही प्रवाशांना यंत्रतपासणी नाकारता येत नाही. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील व अतिसंवेदनशील विमानतळांवर मिलिमीटर तरंग यंत्रे मार्च २०२० पर्यंत बसविण्यास सांगितले. काम त्या मुदतीत पुरे झाले नाही. प्रतिमेऐवजी बाह्याकृती दाखविण्याची अट त्या आदेशात प्रथमपासूनच होती. परदेशातील वादाचे फलित येथे आयते उपलब्ध झाले.

सुरक्षा व खाजगीपणा यांपैकी एकाची निवड करावी लागते, अशी या वादाची मांडणी आरंभी होत असे. प्रत्यक्षात यंत्राची रचना बदलताच दोन्ही बाजू बऱ्याच अंशी साधल्या. हा बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य होता, पण तो घडून आला तो प्रवासी, शास्त्रज्ञ, न्यायालये व लोकप्रतिनिधी यांनी आक्षेप लावून धरल्यामुळे. तपासणीचे साधन वापरात आणण्यापूर्वी त्याची स्वतंत्र परीक्षा व उघड चर्चा व्हावी, ही अपेक्षा मात्र अमेरिकेत उशिराच पुरी झाली.